टायबेरियस ग्रॅकस व रोमचा शेतकरी

रोमच्या इतिहासातील कैसरांची नावे पुष्कळांस ठाऊक असतात. परंतु कैसरांच्या पूर्वी सुमारे शंभर वर्षे, रोमचे राज्य कोणा एका राजाचे नसून लोकसभा व सेनेट ह्यांच्या हाती असताना, एका तरुण अधिकाऱ्याने भूमिहीन झालेल्या शेतकऱ्यांस जमीन मिळवून देण्याचा यत्न केला व त्यापायी तो भर सभेत मारला गेला, ही हकीकत त्या मानाने थोड्यांस माहीत आहे. त्याचे नाव टायबेरियस ग्रॅकस. लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात ज्या तिबिर्य कैसराचा उल्लेख येतो तो हा नव्हे. नाव मूळचे एकच आहे, पण तो कैसर ह्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी गादीवर बसला. ज्या अधिकारामुळे ग्रॅकसचे नाव इतिहासात राहिले तो अधिकार त्याच्या हाती पुरे एक वर्षही टिकला नाही. इ. स. पू. १३४ च्या डिसेंबरात तो अधिकारावर आला, आणि १३३ साली, कापणीचे दिवस चालू असताना, त्याचे प्रेत टायबर नदीत टाकण्यात आले. ज्याची मागणी न्याय्य होती त्याचा असा शेवट का झाला, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे.

हा मनुष्य स्वतः गरिबीत वाढलेला नव्हता. त्याचा बाप दोन वेळा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वश्रेष्ठ वार्षिक अधिकारी, होऊन गेला होता. त्याची आई कॉर्नेलिया ही हॅनिबालास जिंकणाऱ्या थोरल्या सिपिओची कन्या. तिला बारा मुले झाली, पण मोठी होईपर्यंत वाचली ती तिघेच : टायबेरियस, त्याचा नऊ वर्षांनी धाकटा भाऊ गायस, आणि बहीण सेंप्रोनिया. नवरा वारल्यावर मिसरच्या राजाने कॉर्नेलियेस मागणी घातली असता तिने ती नाकारली व मुलांच्या शिक्षणाकडे सर्व लक्ष दिले, असे प्लुटार्क लिहितो. एका श्रीमंत पाहुणीने आपले दागिने दाखविले तेव्हा हिने शाळेतून परत आलेल्या मुलांकडे बोट दाखवून हेच माझे दागिने असे सांगितले, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी काहींनी शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. सेंप्रोनिया धाकट्या सिपिओस दिलेली होती. त्या काळी रोममध्ये ह्या सिपिओहून मोठा सेनापती नव्हता. त्याच्याच हाताखाली टायबेरियस कार्थेजच्या वेढ्यात लढला, व शत्रूच्या तटावर पहिल्याने चढणाऱ्यांत तो होता असे सांगतात.

एवढ्या कुळातल्या मुलाने वडिलांच्या वाटेने मुकाट्याने चालत राहावे, म्हणजे यथाकाळ कॉन्सलपद आपोआप चालत यावे, असा प्रकार होता. ही वाट मोडली ती स्पेनमध्ये. इ. स. पू. १३७ साली तो कॉन्सल मॅन्सिनस ह्याच्या सैन्याबरोबर खजिनदार म्हणून गेला. नुमान्शिया नावाच्या लहानशा पण चिवट शहराने रोमच्या त्या सबंध सैन्याची कोंडी केली. आता कत्तल होणार अशी वेळ आली तेव्हा नुमान्शियाच्या लोकांनी सांगितले की, आम्ही बोलणे करू तर ग्रॅकसशी करू, दुसऱ्याशी नाही. कारण त्याच्या बापाने ह्या देशाशी केलेला तह खरेपणाने पाळला होता. टायबेरियसने तह केला व २०,००० रोमी शिपायांचे प्राण वाचले. छावणी लुटली गेली तीत त्याच्या हिशोबाच्या वह्याही गेल्या होत्या. त्या मागावयास तो पुनः शत्रूच्या दारी गेला, आणि त्या लोकांनी त्यास जेवू घालून वह्या परत दिल्या. परंतु रोमच्या सेनेटाने हा तह लज्जास्पद म्हणून मोडला. मॅन्सिनसास नागवा करून, हात बांधून, नुमान्शियाच्या वेशीपाशी सोडण्यात आले, व त्या लोकांनीही त्यास घेतले नाही. टायबेरियस त्या शिक्षेतून सुटला. पण त्याने दिलेला शब्द मातीमोल झाला. सेनेटाविषयी त्याच्या मनात जी अढी बसली तिचे मूळ येथे आहे असे पुष्कळ इतिहासकार मानतात, आणि आम्हांसही ते खरे वाटते.

स्पेनला जाताना त्याने इट्रुरिया प्रांतातून प्रवास केला होता. तेथे शेतात व कुरणांत स्वतंत्र शेतकरी दिसेनात. जिकडे तिकडे परदेशांतून पकडून आणलेले गुलाम राबताना दिसले. हे त्याच्या भावाने पुढे लिहून ठेविले. अलीकडे त्या प्रदेशात जुन्या वस्त्यांचे जे शोध झाले त्यांवरून लहान शेतकरी तेथून अगदीच नाहीसे झाले नव्हते असे दिसते. तेव्हा वाटसराच्या नजरेस रस्त्याच्या कडेला जे पडले तेच सर्व देशाचे चित्र म्हणून घेऊ नये. पण दुखणे खोटे नव्हते.

ते दुखणे कसे उद्भवले हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सर्व तंटा त्यावर आहे. रोमने इटलीतील इतर लोक जिंकले तेव्हा त्यांच्या जमिनीचा काही भाग सरकारजमा केला. त्यापैकी काही विकला, काही वाटला, व जो पडीत राहिला तो ज्यास कसता येईल त्याने कसावा आणि धान्याचा दहावा व फळांचा पाचवा हिस्सा सरकारास द्यावा, असे ठरविले. हेतू गरिबांच्या सोयीचा होता. परंतु पडीत जमीन फोडावयास बैल, अवजारे, माणसे व दोन वर्षे थांबण्याइतके भांडवल लागते, हे शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. ही जमीन धनिकांच्या ताब्यात गेली. वहिवाट जुनी झाल्यावर ती आपलीच असे ते समजू लागले. तिच्यावर घरे बांधली, वेल व झाडे लाविली, मुलींस हुंड्यात दिली, वाडवडिलांस तीतच पुरले. कोणी जास्तीत जास्त ५०० युगेरा सरकारी जमीन धरावी असा जुना कायदा होता. युगेरम म्हणजे बैलांच्या एका जोडीने एका दिवसात नांगरून होईल एवढी जमीन. ५०० युगेरा म्हणजे आजच्या हिशोबाने सुमारे ३१० एकर. तो कायदा कागदावर राहिला होता.

दुसरीकडे लहान शेतकऱ्यावर लष्करी नोकरीचा बोजा होता. रोमच्या सैन्यात भरती होण्यास थोडीतरी मिळकत असावी लागे. म्हणजे ज्याचे शेत त्यासच तलवार धरावी लागे. पूर्वी लढाया जवळ होत, उन्हाळा संपला की माणूस घरी येई. आता स्पेनमध्ये वर्षानुवर्षे जावे लागे. मागे बायकामुलांच्याने शेत रेटेना, कर्ज होई, आणि शेजारचा मोठा जमीनदार गोडीने किंवा जबरीने ते शेत आपल्या बांधात घेई. त्यास मजूर नको होता. त्याच्यापाशी गुलाम होते, व गुलामास लष्करात कोणी ओढीत नसे. अशा रीतीने रोमसाठी जग जिंकणारा मनुष्य घरी येऊन पाहतो तो घरच नाही. भरतीलायक नागरिकांची नोंद इ. स. पू. १६४ च्या सुमारास ३,३७,००० होती, ती १३५ च्या सुमारास ३,१८,००० वर आली. त्याच वेळी सिसिलीत गुलामांचे मोठे बंड पेटले होते. विचारी माणसांस ह्यात धोका दिसत होता.

टायबेरियस ट्रिब्यून झाला तो ह्या वेळी. ट्रिब्यून हे दहा असत, व सामान्य लोकांस बड्यांच्या जुलमापासून राखण्यासाठीच हे पद प्राचीन काळी निर्माण झाले होते. त्यांच्या अंगी दोन विलक्षण अधिकार होते. एक, कोणताही सरकारी कारभार 'मी मना करतो' एवढ्या शब्दाने त्यांतील एकटाही थांबवू शके. दुसरा, त्यांचे शरीर पवित्र मानले जाई. त्यावर हात टाकणारा देवांचा अपराधी ठरे. हे दोन अधिकार वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्याने आणलेला कायदा फार सौम्य होता. मोठमोठे लोक त्याच्या मसलतीत होते : त्याचा सासरा एपियस क्लॉडियस, त्या वर्षीचा कॉन्सल व नामांकित कायदेपंडित म्यूसियस स्कीव्होला, व स्कीव्होलाचा भाऊ क्रॅसस. कोणाची खासगी मिळकत घ्यावयाची नव्हती. सरकारी जमिनीपैकी ५०० युगेरा धनिकाकडे राहावयाची होती, शिवाय मुलांसाठी दर मुलामागे २५० जास्त. त्यापलीकडची जमीन तिघांच्या मंडळाने मोजून काढून गरिबांस वाटावी, व ती त्यांस विकता येऊ नये, असे ठरविले होते. ही शेवटची अट आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. गरजेच्या वर्षी गरिबाच्या हातून जमीन कशी निसटते हे टायबेरियसास ठाऊक होते. लोकांपुढे बोलताना त्याने सांगितले की, इटलीच्या रानातील श्वापदांसही आपापली गुहा असते, पण इटलीसाठी मरणाऱ्या शिपायास हवा व उजेड ह्यांखेरीज स्वतःचे म्हणून काही नाही. हे ऐकावयास खेड्याखेड्यांतून माणसे रोमास लोटली.

आता चूक कोठे झाली ते पाहू. वहिवाटीप्रमाणे असा कायदा प्रथम सेनेटापुढे न्यावयाचा असे. टायबेरियसने तो परभारे लोकसभेपुढे नेला. सेनेटात जमीनदारांचाच भरणा असल्यामुळे तेथे तो कुजत पडेल असे त्यास वाटले असावे, व ते अगदीच खोटे नव्हते. परंतु त्यामुळे जे मनातून अनुकूल होते तेही दुखावले. त्याच्याच बरोबरीचा एक ट्रिब्यून, मार्कस ऑक्टेव्हियस, ह्याने उभे राहून 'मना' म्हटले. हा ऑक्टेव्हियस त्याचा स्नेही होता, व त्याच्या ताब्यातही सरकारी जमीन होती. टायबेरियसने त्यास सांगितले की तुझे होणारे नुकसान मी माझ्या पदरचे भरून देतो. तो ऐकेना. मग टायबेरियसने कायदा अधिक कडक केला, सरकारी खजिन्याच्या दारास आपली मोहोर लाविली, व सर्व कारभार बंद पाडला. दोन वृद्ध माजी कॉन्सलांनी त्याचे हात धरून रडत विनविले तेव्हा तो सेनेटाकडेही जाऊन आला. तेथे काहीच निष्पन्न झाले नाही.

शेवटी त्याने जे केले ते रोममध्ये पूर्वी कधी झाले नव्हते. लोकांच्या हिताविरुद्ध वागणारा ट्रिब्यून हा ट्रिब्यूनच नव्हे असे म्हणून त्याने ऑक्टेव्हियसास पदावरून काढण्याचा ठराव मतास टाकला. लोकांचे मत ३५ विभागांनी होई, व १८ मिळाले की निकाल लागे. सतरा विभागांनी काढा असे म्हटले. तेव्हा टायबेरियसने मतदान थांबविले, सर्वांदेखत ऑक्टेव्हियसाच्या गळ्यास मिठी मारली, व आपणा दोघांवरही हा प्रसंग आणू नको अशी विनवणी केली. ऑक्टेव्हियसाच्या डोळ्यांस पाणी आले व तो बराच वेळ गप्प राहिला. पण समोर उभ्या असलेल्या धनिकांच्या घोळक्याकडे त्याची नजर गेली, आणि तुला काय करावयाचे ते कर असे तो म्हणाला. अठरावा विभाग मत देऊन मोकळा झाला. ऑक्टेव्हियसास व्यासपीठावरून ओढून खाली नेले. जमावापासून त्यास वाचवताना त्याच्या एका इमानी गुलामाचे डोळे गेले. हे पाहून टायबेरियस स्वतः धावत खाली आला, पण तोपर्यंत व्हावयाचे ते होऊन चुकले होते.

कायदा पास झाला. जमीन मोजण्याच्या मंडळावर टायबेरियस, त्याचा सासरा, व धाकटा भाऊ गायस असे एकाच घरचे तिघे नेमले गेले. हे शोभले नाही. सेनेटाने मंडळास तंबू नाकारला व रोजचा भत्ता नऊ ओबोल, म्हणजे हसण्याजोगा, ठरविला. इतक्यात आशियातून बातमी आली की पर्गमचा राजा अॅटलस निपुत्रिक वारला व आपले राज्य रोमच्या लोकांस मृत्युपत्राने देऊन गेला. प्रकटीकरणाच्या पुस्तकात ज्या सात मंडळ्यांस पत्रे आहेत त्यांतील पर्गम ते हेच. ह्या राज्यापासूनच पुढे रोमचा आसिया प्रांत झाला व त्या सातही मंडळ्या त्याच प्रांतात होत्या. टायबेरियसने लगेच ठराव आणला की त्या राजाचा पैसा नव्या शेतकऱ्यांस अवजारे व सामान घेण्यास वाटावा. कल्पना चांगली होती, कारण नुसत्या जमिनीने पेरणी होत नाही. पण परराज्यांचा कारभार व खजिना ही सेनेटाची खास बाब. तीतही त्याने हात घातला. पर्गमच्या वकिलाने ह्यास राजमुकुट व जांभळा झगा दिला आहे अशी कंडी पिकली. रोमी माणसास 'राजा' ह्या शब्दाइतका दुसऱ्या कशाचाही तिटकारा नव्हता.

ह्याच सुमारास अॅनियस नावाच्या एका म्हाताऱ्या सेनेटराने त्यास भर सभेत एक प्रश्न विचारला. तू मला छळू लागलास, मी तुझ्या एखाद्या सोबती ट्रिब्यूनाचा आश्रय मागितला, व तो माझ्या मदतीस उठला, तर तू रागावून त्याचेही पद काढून घेशील काय? अॅनियस हा भला मनुष्य नव्हता, असे प्लुटार्क म्हणतो. पण प्रश्न बिनतोड होता. टायबेरियस बोलण्यात कोणास हार जाणारा नव्हता, तरी ह्या वेळी त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही, व त्याने सभा बरखास्त केली.

आमच्या मते ह्या कथेतील खरी घटका हीच होय. ट्रिब्यूनाचे पद गरिबांची ढाल होते, आणि ती ढाल कोणी हिसकावू शकत नाही ह्यातच तिचे सर्व बळ होते. ऑक्टेव्हियसाने तिचा दुरुपयोग केला हे खरे. एका मनुष्याच्या हट्टाने हजारोंचे पोट अडावे हे कोणासही सहन होणारे नव्हते. दुसरा मार्ग होता काय, असे कोणी विचारील. वर्ष संपेपर्यंत थांबून दुसऱ्या वर्षी अनुकूल दहा निवडून आणता आले असते, पण तोपर्यंत लोकांचा उत्साह राहिला असता काय हे कोण सांगणार? आम्ही त्यास सहज दोष देऊ इच्छीत नाही. तथापि ज्या दिवशी लोकांच्या मताने ट्रिब्यूनास खाली ओढता येते हे त्याने दाखविले, त्या दिवशी स्वतःच्या शरीराभोवतीची भिंतही त्याने सैल केली.

अधिकाराचे वर्ष संपले की शत्रू आपणास कोर्टात खेचणार हे जाणून त्याने पुढच्या वर्षासाठीही उमेदवारी केली. हेही रूढीस सोडून होते. आणि वेळ साधली नाही : निवडणूक उन्हाळ्यात आली. ज्यांच्यासाठी त्याने हे सर्व केले ते खेडेगावचे लोक सुगीत गुंतले होते. पीक उभे टाकून रोमास कोण जाणार? त्यास शहरातील लोकांच्या पाया पडावे लागले, व जमीन नको असलेल्या त्या लोकांची आस्था तेवढीच होती. तो सुतकी कपडे घालून, आपल्या लहान मुलास बरोबर घेऊन, बाजारात फिरला व मुलाचा सांभाळ करा असे लोकांस म्हणाला.

निवडणुकीच्या सकाळी कॅपिटॉल टेकडीवर गर्दी जमली. एका मित्र सेनेटराने कसेबसे पुढे येऊन सांगितले की धनिक मंडळी तुला मारावयाच्या बेतात आहेत. लांबच्या लोकांस आवाज पोहोचेना म्हणून टायबेरियसने हात डोक्यास लावून जीव धोक्यात असल्याची खूण केली. शत्रूंनी सेनेटात धावत जाऊन सांगितले की तो डोक्यावर मुकुट मागत आहे. तेव्हा सिपिओ नॅसिका उठला. हा टायबेरियसचा सख्खा मावसभाऊ, रोमचा मुख्य पुरोहित, व भल्यामोठ्या सरकारी जमिनीचा धनी. त्याने कॉन्सल स्कीव्होलास म्हटले, राज्य वाचव. स्कीव्होलाने उत्तर दिले की मी बळजोरीस आरंभ करणार नाही, व चौकशीवाचून कोणा नागरिकास मारणार नाही. हे उत्तर रोमच्या कायद्यास शोभणारे होते. नॅसिकाने ते मानले नाही. यज्ञाच्या वेळी पुरोहित घेतात तसे वस्त्र डोक्यावरून घेऊन तो बाहेर पडला, व त्याच्यामागे सेनेटर निघाले. अशा मोठमोठ्या लोकांस पाहून जमावाने सवयीने वाट दिली. त्यांनी मोडक्या बाकांचे पाय व सोटे उचलले. तीनशेंहून अधिक माणसे मेली, आणि सर्व लाकडांनी व दगडांनी. लोखंडाचे हत्यार कोठेही चालले नाही. टायबेरियस पळताना पडलेल्या माणसांवर अडखळला. पहिला घाव घालणारा त्याच्याच बरोबरीचा एक ट्रिब्यून होता. प्रेत घरच्यांच्या हाती दिले नाही. रात्री सर्व प्रेते नदीत टाकली. त्या वेळी तो तिशीच्या आतबाहेर होता.

टायबेरियसने वहिवाट मोडली, पण रक्त काढिले नाही. रोमच्या राजकारणात नागरिकांचे रक्त पहिल्याने सांडले ते कायद्याचे रक्षक म्हणविणाऱ्यांनी, आणि ह्या दोन अपराधांस आम्ही एका तागडीत घालणार नाही. लोकांचा राग पाहून सेनेटाने नॅसिकास काही कामाचे निमित्त करून आशियात पाठविले. तो परत आला नाही, पर्गमातच मेला. मेहुणा सिपिओ नुमान्शियाच्या वेढ्यावर होता. बातमी ऐकून त्याने जे झाले ते योग्यच झाले अशा अर्थाचे ग्रीक काव्यातील वचन म्हटले, व त्यामुळे लोकांचे प्रेम गमाविले.

जमिनीचा कायदा मात्र रद्द करण्याची छाती कोणास झाली नाही. टायबेरियसच्या जागी क्रॅसस नेमला गेला व मोजणी चालू राहिली. त्या मंडळाने पुरलेले हद्दीचे दगड इटलीत आजपर्यंत सापडले आहेत. त्यांवर गायस ग्रॅकस, एपियस क्लॉडियस व क्रॅसस ह्यांची नावे कोरलेली आहेत. दक्षिण इटलीत पोल्ला येथे एक शिलालेख आहे, त्यात एका अधिकाऱ्याने सरकारी जमिनीवरून मेंढपाळांस उठवून नांगर धरणाऱ्यांस बसविल्याची बढाई मारली आहे. त्याचे नाव मात्र दगडावर उरलेले नाही. किती कुटुंबांस जमीन मिळाली ह्याविषयी विद्वानांत वाद आहे. इ. स. पू. १२९ साली सिपिओच्या खटपटीने जमिनीचे तंटे तोडण्याचा मंडळाचा अधिकार काढून घेण्यात आला, व काम मंदावले. धाकटा भाऊ गायस १२३ साली ट्रिब्यून झाला. त्याने भावाचे काम अधिक व्यापक केले, आणि १२१ साली तोही मारला गेला. त्या वेळी ३,००० माणसे मेली असे म्हणतात. कॉर्नेलिया मिसेनम येथे समुद्रकाठी राहू लागली. पाहुण्यांपाशी ती दोन्ही मुलांच्या गोष्टी डोळ्यांस पाणी न आणता, जुन्या काळच्या पुरुषांविषयी बोलावे तशी बोले.

गायस गेल्यावर लवकरच एक लहानसा कायदा झाला : वाटलेली जमीन ज्यास विकावयाची असेल त्याने विकावी. कोणावर जबरदस्ती नव्हती. श्रीमंतांनी पुनः विकत घेण्यास आरंभ केला, व जेथे विकत मिळेना तेथे निमित्ते काढून घेतली. पुढे वाटणीच थांबविली व धनिकांकडून हलकासा सारा घेऊन तो गरिबांस वाटावा असे ठरले. काही वर्षांनी तो साराही माफ झाला. इ. स. पू. १११ च्या कायद्याने इटलीतील अशा बहुतेक सरकारी जमिनीवर धरणाऱ्याची खासगी मालकी कायम केली. तो कायदा काशाच्या पत्र्यावर कोरला होता. त्याचे तुकडे अजून आहेत.